दिवसा सोनं, रात्री रबडी

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटलेली अवंतिका एक्सप्रेस रतलाम, उज्जैन, देवास करत इंदूरला पोचते, ती नेमकी पोह्यांच्या वेळेला. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला हॉटेलचा पत्ता सांगितला, तर त्यानं विचारलं, "पोहे खाके चलेंगे, या सामान रखके?" पोहे न खाण्याची सोय त्या प्रश्नात नव्हतीच. मीही मग उगाच पुणेरी बाणा दाखवायच्या फंदात पडले नाही.

इंदुरी पोहे आपल्या पोह्यांचे भाऊबंद खरे, पण त्यांचे रीतिरिवाज निराळे. नाक्यावरच्या दुकानात मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं आणि त्याच्या तोंडावर पोह्यांची परात ठेवलेली असते. खालून सतत वाफ लागते, त्यामुळे उजाडता उजाडता केलेले पोहे नऊ वाजताही मऊ राहतात. तेल बेताचं, बडीशेप हमखास, साखरेचा हात सढळ. कांदा फोडणीत घालत नाहीत, तो वरून कच्चाच येतो. त्यावर बारीक शेव, कोथिंबीर, लिंबू आणि सगळ्यात शेवटी जीरावन. जिरं, धने, बडीशेप, आमचूर, काळं मीठ अशा ऐवजांचा हा आंबट-खारट मसाला इंदुरात पोह्यांपासून काकडी-पेरूपर्यंत कशावरही भुरभुरतात.

दुकानदाराचा हात बघत राहावा असा होता. परातीतला पोह्यांचा डोंगर तो कडेकडेनं ओढत होता, मधे खड्डा पडू देत नव्हता. एका झटक्यात प्लेट भरली, शेवेची मूठ सोडली, जीरावनाचा डबा प्लेटवर दोनदा झटकला आणि प्लेट पुढे सरकवेपर्यंत नजर तिसऱ्या गिऱ्हाइकावर. शेजारच्या कढईत जिलेब्या पडत होत्या. एक घास पोह्यांचा आणि एक तुकडा जिलेबीचा, हा इथला सकाळचा ठेका. माझ्या एका बाजूला टाय लावलेला बँकेतला तरुण, दुसऱ्या बाजूला पालिकेच्या कचरागाडीवरचे दोघं, समोर नातवाला शाळेत सोडून आलेले आजोबा. सगळे उभ्यानं खात होते आणि एकमेकांच्या बोलण्यात बिनदिक्कत तोंड घालत होते. कालच्या सामन्यात कोण चुकलं, यावर आजोबांचं मत बँकवाल्याला पटलं नाही. मग मला विचारलं गेलं. "आप ही बताओ" म्हणायला इंदुरात ओळख लागत नाही.

पोटपूजा झाल्यावर राजवाडा. मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये सुरू केलेला हा वाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. लाकडामुळे आगीशी त्याची जुनी गाठ. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेसह सर्जेराव घाटग्यानं इंदूर लुटलं तेव्हा तो जळाला, १९०८ मध्ये जळाला आणि १९८४ च्या दंगलीत पुन्हा जळाला. दर्शनी भाग टिकला, मागचा भाग नंतर नव्यानं उभारला. आतलं संग्रहालय तासाभरात बघून होतं, पण खरी गंमत वाड्यापुढच्या चौकात आहे. तिथल्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे आणि त्याच्या कडेच्या कट्ट्यांवर दिवसभर कुणी ना कुणी टेकलेलं असतं. भारतानं सामना जिंकला की अख्खं शहर नाचायला इथंच जमतं. रंगपंचमीला 'गेर' म्हणजे रंगांची मिरवणूक निघते तीही याच चौकातून. टँकर आणि पंप लावून रंगाचे फवारे वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपर्यंत उडवतात. धुळवडीपेक्षा रंगपंचमीला मान देण्याची रीत मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. अहिल्याबाईंनी कारभार केला तो महेश्वरहून. इंदूर होळकरांची राजधानी झालं ते १८१८ मध्ये, मंदसौरच्या तहानंतर. त्यामुळे दरबारी ऐटीपेक्षा पेठेची हुशारी या शहराच्या अंगात जास्त मुरलेली दिसते. राजवाड्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांची नावं वाचत गेलं तरी हे कळतं. बर्तन बाजार, कपडा मार्केट, किराण्याचं सियागंज. खजुरी बाजारात खजूर शोधायला जाल तर शाळा-कॉलेजची पुस्तकं हाती येतील. इतवारिया बाजारात काच मंदिर आहे. कापूस आणि गिरण्यांच्या धंद्यावर गबर झालेल्या सर हुकुमचंद शेटजींनी बांधलेलं हे जैन मंदिर भिंती, खांब, छत सगळीकडे काचेनं मढवलेलं आहे. आत गेलं की आपणच आपल्याला चहूकडून दिसायला लागतो.

या सगळ्या गल्ल्यांचा मुकुटमणी म्हणजे सराफा. मी तिथं दोनदा गेले, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. दोन्ही वेळा न जाता परतलं तर इंदूर अर्धंच कळतं.

दुपारचा सराफा म्हणजे सराफ कट्टाच. अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना ओटे, ओट्यांवर दुकानं. जुन्या पेढ्यांवर अजून पांढऱ्या गाद्या आणि तक्के आहेत. एका पेढीवर लग्नाच्या खरेदीला आलेलं माळव्यातल्या खेड्यातलं कुटुंब बसलं होतं. आजी पैंजणांचं वजन स्वतःच्या तळहातावर करून बघत होत्या आणि सराफ त्यांच्या चेहऱ्याकडे. तराजूवर दोघांचाही फारसा विश्वास नसावा. मी चांदीच्या जोडव्यांचे भाव विचारत थोडी रेंगाळले. न घेताच निघाले तरी दुकानदारानं तोंड वाकडं केलं नाही. उलट म्हणाला, "रात को आना, असली सराफा तो तब लगता है." आपलं दुकान बंद झाल्यावरच्या गल्लीची इतक्या प्रेमानं जाहिरात करणारा व्यापारी मी दुसरा पाहिलेला नाही.

रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराला शटर पडायला लागतात. कुलुपाचा खटका झाला की पाच-दहा मिनिटांत त्याच ओट्यापुढे दुसरा माणूस येतो. ओल्या फडक्यानं ओटा पुसतो, फळी टाकतो, शेगडी मांडतो, बल्ब लावतो. दहा वाजेपर्यंत गल्लीचा नूर पालटलेला असतो. सोन्याच्या जागी रबडी, मालपुवा, मूगभजी. पाव किलोच्या आसपास भरणारा एकेक 'जलेबा' कढईत उलटतो आहे. ही रीत कशी पडली याची एक गोष्ट इंदूरकर हमखास सांगतात. रात्री गल्लीत माणसांची जाग राहिली तर चोरांना फिरकता येणार नाही, म्हणून सराफांनीच खाण्याच्या गाड्यांना ओटे दिले. व्यापारी डोकं कसं चालतं ते या गोष्टीत नेमकं दिसतं. पहारेकऱ्याला पगार देण्यापेक्षा भजीवाल्याला जागा दिलेली काय वाईट?

खाण्याची यादी लांबलचक आहे, पण काही गोष्टी इथंच खाव्यात. पहिला भुट्टे का कीस. कणसाचे दाणे किसून, तुपात परतून, दुधात शिजवतात. वरून खोबरं, लिंबू, कोथिंबीर. दुसरा गराडू. सुरणाच्या गोतावळ्यातला वाटावा असा हा कंद फक्त थंडीत मिळतो. तळतात, चेपतात, पुन्हा तळतात आणि जीरावन-लिंबू मारून देतात. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ. तिसरी शिकंजी. लिंबू सरबत समजून मागवली तर फसाल. इंदुरी शिकंजी ही केशर आणि सुका मेवा घातलेली, आटवलेल्या दुधाची दाट, किंचित आंबूस चीज आहे. आणि चौथा दहीवडा. तो खाण्याआधी बघायचा असतो. 'जोशी दहीबडा' या दुकानात दह्यानं भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात आणि थेंब सांडत नाही. त्यानंतर एकाच चिमटीत घेतलेले वेगवेगळे मसाले पाळीपाळीनं सोडतात, एकात एक न मिसळता. माझ्यापुढे उभा असलेला सात-आठ वर्षांचा मुलगा बापाला म्हणाला, "एक बार और!" बापानं दुसरा द्रोण मागवला. खेळ बघण्यासाठी वडा विकत घेण्याचा हा धंदा दोघांनाही परवडतो.

या गर्दीत सुखावणारी आणखी एक गोष्ट होती. घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते आणि गल्लीत निम्म्याहून जास्त बायका होत्या. सासू-सुनांच्या जोड्या, कॉलेजच्या मुलींचे घोळके, कडेवर पेंगुळलेलं पोर घेतलेली आई. मी एकटी होते, हातात द्रोण, आणि कुणी वळून बघितलं नाही. रात्री उशिरा बाईनं विनाकारण रस्त्यावर असणं, फक्त भूक लागली म्हणून किंवा तीही नसताना, ही चैन आपल्याकडच्या किती शहरांत सहज मिळते? पर्यटनाच्या माहितीपुस्तकात या गोष्टीला रकाना नसतो. माझ्या लेखी इंदूरचं हे सर्वांत मोठं प्रेक्षणीय स्थळ आहे.

साबुदाणा खिचडीच्या गाडीपुढे रांग होती. ही खिचडीही वाफेवरच गरम ठेवतात आणि मागणीनुसार मोठ्या भांड्यात लिंबू, जीरावन, फराळी चिवडा घालून कालवून देतात. पुढच्या काकूंनी माझं फोनवरचं बोलणं ऐकलं असावं. वळून म्हणाल्या, "पुण्याच्या का तुम्ही? आमचं माहेर इंदूर, सासर इंदूर, आणि महाराष्ट्र फक्त लग्नापुरता." मराठी स्वच्छ, पण वाक्याची चाल हिंदीच्या अंगानं जाणारी. मी म्हटलं, आज उपास नाही माझा. "अहो, उपासाची म्हणून नका खाऊ, चवीची म्हणून खा," असं म्हणून त्यांनी परस्पर माझी ऑर्डरही दिली. शेजारच्या बंद पेढीच्या पायरीवर दोघं कॉलेजकुमार बसले होते. काकूंनी नुसतं "बेटा" म्हटलं आणि ते सरकले. मग तिथं बसून काकूंनी मला त्यांचं इंदूर सांगितलं.

त्यांच्या सांगण्यात मोठेपणाचा आव नव्हता, नाहीतर मिरवण्यासारखं खूप आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात तीनदा भरलं, १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ चा, इथला. चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि एम. एफ. हुसेन दोघंही इथल्या द. दा. देवळालीकरांचे विद्यार्थी. होळकरांच्या क्रिकेट संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली त्याच संघातले. १९४५-४६ च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला होता आणि त्या एका डावात सहा जणांनी शतकं ठोकली होती. काकूंनी यातलं काहीच सांगितलं नाही. त्या बोलल्या 'सानंद' या संस्थेच्या मराठी नाटकांबद्दल. मुंबई-पुण्याची नाटकं इथं येतात आणि घरातल्या सुनेला, म्हणजे अस्सल माळवी घरातून आलेल्या मुलीला, आता विनोद सासूच्या आधी कळतात, ही त्यांची तक्रार होती. तक्रार करताना चेहरा फुलला होता.

दुसऱ्या दिवशी लालबाग पॅलेस बघायला निघाले, तो रिक्षावाला कालचाच भेटला. होळकरांचा हा महाल युरोपी थाटाचा आहे. त्याचं फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकावरून घडवलेलं. महालाबद्दल त्याला फार सांगायचं नव्हतं. त्याचे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते, आणि त्याच्या बोलण्याची गाडी पुन्हापुन्हा तिकडेच वळत होती. एकेकाळी इंदूर हे गिरण्यांचं शहर होतं. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल ही नावं आज नाक्यांची आणि वस्त्यांची झाली आहेत. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची सुमारे २२४ कोटी रुपयांची थकबाकी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. मधल्या बत्तीस वर्षांत कित्येक कामगार देवाघरी गेले. पैसे त्यांच्या बायकामुलांच्या हाती पडले.

पण मिल बंद पडली तरी झाँकी बंद पडली नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात विसर्जनाची जी मिरवणूक निघते, तिच्यात गिरण्यांचे रोषणाई केलेले हलते देखावे असतात, पुढे आखाडे लाठी-काठी फिरवत चालतात आणि सगळं शहर रात्रभर रस्त्याच्या कडेनं बसून बघतं. शतकभराची ही परंपरा गिरणी कामगारांनी सुरू ठेवली आहे. पगार थांबले, मग वर्गणी काढली. वर्षभर आधी कल्पना, मग सांगाडे, मग मोटर आणि दिवे. "पिताजी कहते थे, मशीन नहीं चला सकते, झाँकी तो चलाएँगे," रिक्षावाला म्हणाला. एका धंद्यानं शिकवलेलं कसब तो धंदा गेल्यावरही लोकांच्या आनंदासाठी वापरायचं, याला नुसती हौस म्हणून भागणार नाही.

इंदूरची दुसरी ख्याती स्वच्छतेची. २०१७ पासून देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर वर्षामागून वर्ष पहिलं आलं. रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढून टाकल्या, घरोघरी गाणं वाजवत गाडी येते आणि तिच्या वेगवेगळ्या कप्प्यांत लोक कचरा वेगवेगळा टाकतात. ओल्या कचऱ्यातून गॅस तयार करणारा, रोज ५५० टन पचवणारा प्रकल्प देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झाला. हे आकडे वाचलेले होते. मला त्यामागचा माणूस सराफ्यात दिसला. रात्री एक वाजून गेल्यावर गर्दी ओसरू लागली, तेव्हा झाडू घेतलेल्या बायका गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. त्यांना घाई होती, पण शेवटच्या गिऱ्हाइकांना उठवण्याची नव्हती. रबडीवाल्यानं त्यांतल्या दोघींना न विचारता चहा दिला. सकाळी दहाला पेढीचं शटर वर जाईल तेव्हा तिथं रात्री तेलाची कढई होती हे ओळखू येणार नाही, याची जबाबदारी त्यांच्यावर होती. सराफ, भजीवाला आणि झाडणारी या तिघांच्या पाळ्यांवर ती गल्ली चालते. शहराचं सुख म्हणतात ते अशा वाटणीतून तयार होतं. जागा एक, वाटेकरी अनेक, आणि प्रत्येकानं आपली वेळ झाली की ती दुसऱ्यासाठी मोकळी करायची.

अर्थात वाटणी म्हटली की कुरबुर आलीच. अलीकडे सराफांनी या रात्रीच्या खाण्याच्या चौपाटीबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आहे. गर्दी बेसुमार वाढली, अरुंद गल्लीत गॅसची सिलिंडरं आली, आग लागली तर बंब आत कसा शिरणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पारंपरिक पदार्थांच्या जोडीला मोमो आणि नूडल्सच्या गाड्या लागल्या, हेही त्यांना खुपतं. चौपाटी दुसरीकडे हलवा, अशीही मागणी झाली. माझ्या खिचडीच्या रांगेत यावर दोन्ही बाजूंनी जोरदार वाद झाला. एकाचं म्हणणं, "मोमो हटाओ, सराफा बचाओ." दुसरा मोमो खाता खाताच मान हलवत होता. मला वाटतं, इथल्या लोकांना चौपाटी आणि पेढ्या दोन्ही हव्या आहेत, आणि म्हणूनच भांडण आहे. ज्या जागेवर कुणाचाच जीव नसतो, तिच्यासाठी कोण कशाला भांडेल?

कुणाला जायचं असेल तर थंडीचे महिने उत्तम, गराडू तेव्हाच मिळतात. राजवाड्यापासून सराफा पायी पाच मिनिटांवर आहे. गाडी तिकडे नेऊच नये. नेटकी, वाहनमुक्त, बसायला जागा असलेली खाऊगल्ली हवी असेल तर 'छप्पन दुकान' आहे. तिथलं 'जॉनी हॉट डॉग' आणि 'विजय चाट'चे खोपरा पॅटिस चुकवू नका. सकाळचे पोहे पोटभर खाऊ नयेत आणि रात्रीचं जेवण तर घेऊच नये. सराफ्यात एकट्यानं गेलात तर चार पदार्थांत पोट भरतं, चौघं गेलात आणि एकेक प्लेट चौघांत घेतलीत तर गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचता येतं. चौघं नसलात तरी काळजी नको. रांगेत पुढच्याला विचारा, "आधा आधा करें?" इंदूरकर नाही म्हणत नाही, फक्त कोणत्या गाडीवर, ते तोच ठरवतो.